जुन्या गाडीचे इंजिन बदलण्यापूर्वी

(रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात शेतकरी, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाची घोषणा झाली तेव्हा काही जणांच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. प्रसिद्धी खात्यात काम करणारा, कला शाखेचा पदवीधर माणूस डिझेल इंजिनाविषयी काय सांगणार, ही शंका रास्त आहे. मी यंत्रज्ञ नाही. परंतु या विषयाचा अभ्यास करण्याचा प्रसंग माझ्या घरातच आला, आणि तो पैसे देऊन नव्हे, तर अपघात भोगून आला. म्हणून आरंभी तोच सांगतो.

माझ्या मामेभावाकडे पेट्रोलवर चालणारी एक जुनी गाडी होती. काजूच्या हंगामात माल, एरव्ही आजारी माणसे आणि लग्नाचे वऱ्हाड, असे सर्व काही ती वाहून नेई. इंजिन थकले तेव्हा एका गॅरेजवाल्याने त्याला सल्ला दिला, "पेट्रोल सोडा, मोठे डिझेल इंजिन बसवून देतो, घाट कसा चढते ते पाहा." गाडीने घाट खरोखरच झपाट्याने चढला. प्रश्न उतरताना निर्माण झाला. बेळगावहून परत येताना चोर्ला घाटात ब्रेकचे पायडल दगडासारखे घट्ट झाले. भावाने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, हातब्रेक ओढला आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला ती घासत नेली. त्याचे मनगट मोडले. मागे बसलेला मुलगा दैवयोगाने खरचटण्यावर निभावला. पुढे विम्याच्या भरपाईची मागणी केली तेव्हा नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक एक आणि गाडीतील इंजिनाचा क्रमांक दुसरा, असे आढळले. भरपाई मिळाली नाही.

त्या गाडीत इंजिन चांगले होते. चुकली ती निवड. इंजिन निवडताना आपण फक्त इंजिनाकडे पाहतो. पाहायचे असते ते गाडीकडे, आणि गाडीइतकेच तिच्या कागदांकडे. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचे त्याचे विवरण आहे.

डिझेलची ओढ कोठून आली

आपल्या शेतकऱ्याला डिझेल इंजिनाची ओळख प्रथम मोटारीतून झाली नाही, ती विहिरीवरच्या पंपातून झाली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना पुण्यात १९४६ साली सुरू झाला आणि 'ऑइल इंजिन' हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. मोटारींच्या बाबतीत चित्र वेगळे होते. मुंबईत १९४७ पासून महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली, ती जीप पेट्रोलवर चालणारी होती. तिचे चार सिलिंडरचे इंजिन सुमारे २,२०० घन सेंटिमीटरचे. ते दणकट होते, पण पेट्रोल पिण्यात उदार होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि जीपधारक डिझेलकडे वळू लागला. कंपनीनेही पुढे प्यूजो बनावटीचे २,११२ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन आणि नंतर २,५२३ घन सेंटिमीटरचे इंजिन आपल्या गाड्यांत दिले. गॅरेजांतून जुन्या पेट्रोल जीपांमध्ये डिझेल इंजिने बसू लागली, ती याच काळात.

त्या वेळी या बदलात आर्थिक शहाणपण होते, कारण डिझेल पेट्रोलच्या तुलनेत फार स्वस्त होते. आज तसे राहिलेले नाही. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, आणि दोहोंतील अंतर पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी झाले. वडिलांच्या काळचा हिशेब मुलाने तसाच पुढे चालवू नये.

आधी दुरुस्तीचा विचार

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की इंजिन बदलण्याची खरोखर गरज आहे काय? गाडी धूर सोडते, घाटात दम धरत नाही, तेल खाते, एवढ्यावरून इंजिन बाद झाले असे ठरत नाही. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. कित्येकदा हवेचा फिल्टर स्वच्छ करून आणि नोजल तपासून तो जातो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. तेथे रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हची सिले झिजलेली असतात. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर इंधन नीट जळत नाही किंवा रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये उतरते आहे, असे समजावे. लायनर व रिंगा बदलून, क्रँक ग्राइंडिंग करून, हेड सपाट करून तेच इंजिन पुन्हा अनेक वर्षे काम देते. मूळ इंजिनाचे असे काम काढले तर गाडीचे इतर काहीही बदलावे लागत नाही आणि नोंदणी पुस्तकातही फरक पडत नाही. हा मोठा लाभ आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. गुरुजींनी तो मुलांना फळ्यावर घालून द्यावा. एक गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालते. पेट्रोलवर लिटरला ८ किलोमीटर धरले तर ७५० लिटर लागतील. डिझेलवर १२ धरले तर ५०० लिटर. बचत २५० लिटरांची. हिशेबासाठी दोन्हींचा दर लिटरला शंभर रुपये धरला, तर वर्षाला २५,००० रुपये वाचले. आता इंजिन, गिअरबॉक्स, फिटिंग व मजुरी मिळून दोन लाख रुपये खर्च झाला असे समजा. तो वसूल होण्यास आठ वर्षे लागतील. गाडी वर्षाला ३,००० किलोमीटरच चालत असेल तर सोळा वर्षे! आपापले आकडे घालून प्रत्येकाने हा हिशेब करावा. पुष्कळांना त्यातच उत्तर सापडेल.

निवडीची कसोटी

दुरुस्ती शक्य नाही आणि हिशेबही जमतो, असे ठरले तर मग निवडीचा विचार. येथे पहिला नियम असा की त्याच कंपनीने त्याच मॉडेलमध्ये स्वतः जे डिझेल इंजिन बसवले असेल, त्याला अग्रक्रम द्यावा. त्या इंजिनासाठी चासीवरची फाउंडेशन, क्लच, गिअरबॉक्सची जोडणी, रेडिएटर, सायलेन्सर या सर्वांचा विचार कारखान्यातील अभियंत्यांनी आधीच केलेला असतो. परक्या गाडीचे इंजिन आणले की प्रत्येक गोष्ट कापून, वेल्डिंग करून जुळवावी लागते. आणि वेल्डिंग केलेली जागा खड्ड्यांच्या रस्त्यावर कधी ना कधी बोलते.

दुसरी कसोटी वजनाची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. हा दाब सोसण्यासाठी इंजिनाची घडण जाड व जड ठेवावी लागते. हा भार पुढच्या पाट्यांवर, पुढच्या अॅक्सलवर आणि स्टिअरिंगवर येतो. पाटे बसले की गाडी पुढून झुकते आणि वळणावर स्टिअरिंग जड होते. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वी जुन्या व नव्या इंजिनाचे वजन विचारावे. फरक मोठा असेल तर पाटे व शॉकअॅब्सॉर्बर बदलण्याचा खर्चही हिशेबात धरावा.

तिसरी कसोटी गिअरची. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर देते, पण फार वेगाने फिरत नाही. जुन्या विलिस जीपच्या अॅक्सलचे प्रमाण ५.३८ होते. म्हणजे चाकाची एक फेरी होण्यास प्रॉपेलर शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या लागतात. वरच्या गिअरमध्ये इंजिन व शाफ्ट बरोबरीने फिरतात असे धरू, आणि चाकाचा घेर २.२ मीटर धरू. मिनिटाला ३,२०० फेऱ्या करणारे डिझेल इंजिन अशा जीपला ताशी सुमारे ७८ किलोमीटरच्या पलीकडे नेणार नाही, आणि तो वेगही इंजिनाचा जीव काढून. अॅक्सलचे प्रमाण ४.२७ असेल तर तेच इंजिन ताशी सुमारे ९९ किलोमीटरपर्यंत जाईल. परंतु मग चढावर ओझे ओढण्याची ताकद तितकीच घटेल. शेतावर व घाटात चालणाऱ्या गाडीला पहिले प्रमाण योग्य, हमरस्त्यावर धावणाऱ्या गाडीला दुसरे. इंजिनाचा विचार करताना अॅक्सलचा विचार सोडला तर गाडी रडते, आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

ब्रेक: सर्वांत महत्त्वाचे

आता ज्या कारणाने मी आपल्यापुढे उभा आहे तेथे येतो. ज्या गाड्यांच्या ब्रेकला बूस्टर असतो त्यांत पायाच्या जोराला निर्वाताची मदत मिळते. पेट्रोल इंजिनात हा निर्वात इंजिन हवा आत ओढते तेव्हा आपोआप तयार होतो. डिझेल इंजिनात तो तसा तयार होत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरला जोडलेला असतो. माझ्या भावाच्या गाडीत हा पंप बसवला होता, परंतु त्याची नळी बूस्टरला नीट जोडलेली नव्हती. घाट चढताना ब्रेकची गरजच पडली नाही, म्हणून दोष लपून राहिला. उतरताना तो उघडा पडला.

म्हणून इंजिन बसवून गाडी हाती येईल तेव्हा एक साधी परीक्षा घ्यावी. इंजिन बंद असताना ब्रेकचे पायडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे ते घट्ट होईल. मग तसेच दाबून धरून इंजिन सुरू करावे. पायडल किंचित खाली गेले तर बूस्टरला निर्वात मिळतो आहे. ते जागचे हलले नाही तर गाडी गॅरेजबाहेर नेऊ नये. ज्या जुन्या जीपांना बूस्टर नसतोच त्यांत सगळा भार चालकाच्या पायावर असतो. तेथे मोठे इंजिन बसवणे अधिकच धोक्याचे.

याचे गणितही सोपे आहे. वेग वाढला की गाडी थांबवण्यासाठी लागणारे काम वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवण्यास दीडपट नव्हे, सव्वादोनपट काम ब्रेकला करावे लागते. गाडीचे ब्रेक ज्या वेगासाठी आणि वजनासाठी बनवले आहेत त्याच्या पलीकडे गाडीला नेणारे इंजिन, कितीही स्वस्त मिळाले तरी, महागच पडते. आवश्यक ते काम करणारे सर्वांत लहान इंजिन तेच उत्तम इंजिन, असे मी म्हणेन.

बारीकसारीक, परंतु आवश्यक

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. चावी बंद केली की पेट्रोल इंजिन थांबते, कारण ठिणगी थांबते. डिझेल इंजिन थांबवण्यासाठी इंधन तोडावे लागते. त्याची केबल किंवा विजेवर चालणारा स्टॉप खात्रीचा हवा. पेट्रोलची टाकी व नळ्या स्वच्छ केल्याखेरीज त्यांत डिझेल भरू नये. पंपाला वंगण डिझेलच पुरवते आणि पेट्रोल ते वंगण धुऊन काढते. नोजलकडून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळी लागते, आणि पाणी वेगळे करणारा फिल्टरही लागतो. बॅटरी व स्टार्टर अधिक ताकदीचे हवेत. रेडिएटर त्या इंजिनाच्या मापाचा हवा, आणि पंखा त्याच्या बरोबर समोर हवा.

आपल्या भागात पावसाळ्यात ओहोळ रस्त्यावर येतात. पेट्रोल इंजिनात पाणी शिरले तर बहुधा ते बंद पडते. डिझेल इंजिनाने हवेच्या नळीतून पाणी ओढले तर कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती असते, कारण पाणी दाबले जात नाही. म्हणून हवेच्या फिल्टरचे तोंड शक्य तितके उंच ठेवावे.

पंप यांत्रिक असलेले जुने इंजिन घ्यावे की संगणकाने नियंत्रित होणारे नवे? नव्या कॉमन रेल इंजिनात इंधन कमी लागते, आवाज व धूर कमी असतो. परंतु ते इंजिन एकटे येत नाही. त्याचा संगणक, वायरिंग, सेन्सर आणि कित्येकदा चावीची सांकेतिक जोडणीही बरोबर आणावी लागते. त्यातील एक तार तुटली तर गाडी रानातच उभी राहील. ज्या इंजिनाचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि जे आपल्या मेकॅनिकला उलगडता येते, तेच खेड्यातील माणसाने घ्यावे.

जुने इंजिन विकत घेताना ते थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. चालू इंजिनाचे तेलाचे झाकण उघडावे. आतून धुराचे जोरदार फवारे येत असतील तर रिंगा गेल्या आहेत. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चारही सिलिंडरांत ते जवळपास सारखे हवे.

कागद आणि कायदा

आता शेवटचा, परंतु प्रत्यक्षात पहिला करावयाचा भाग. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मालकाने गाडीत असा फेरबदल करता येत नाही, की ज्यामुळे नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा पडेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हाच अर्थ स्पष्ट केला आहे. निराळ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी जी सवलत कायद्यात आहे ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसारख्या मान्य संचांसाठी, ठरवून दिलेल्या अटींवर आहे. पेट्रोलच्या गाडीत भंगारातील डिझेल इंजिन बसवणे त्या सवलतीत बसते, असे कोणीही गृहीत धरू नये. पूर्वी शेजाऱ्याने बसवले होते, हे आज उत्तर होऊ शकत नाही. डिझेलच्या गाडीत त्याच बनावटीचे डिझेल इंजिन बदलणे हा मार्ग त्या मानाने सरळ आहे. पण तेथेही नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता आणि नोंदणी पुस्तकात नव्या इंजिन क्रमांकाची नोंद आवश्यक आहे. नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणासाठी येते, तेव्हा गाडीची तपासणी होते. त्या दिवशी इंजिन क्रमांकाचा मेळ बसला नाही तर सर्व खर्च पाण्यात जातो. म्हणून इंजिनाचा बयाणा देण्यापूर्वी वाहतूक संचालनालयाच्या आपल्या विभागातील कार्यालयात जावे, गाडीचे नोंदणी पुस्तक दाखवावे आणि घ्यावयाच्या इंजिनाची माहिती सांगून लेखी उत्तर मागावे. इंजिन घेताना पक्की पावती घ्यावी, ज्या गाडीतून ते काढले तिच्या नोंदणीचे कागद पाहावेत आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर तेथूनच माघारी फिरावे. ते चोरीचेही असू शकेल. काम पूर्ण झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी.

येथे माझे शासकीय सहकारीही बसले आहेत, म्हणून एक विनंती. खेड्यातील माणूस कार्यालयाच्या खिडकीपाशी येऊन 'इंजिन बदलायचे आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याला केवळ 'होत नाही' असे सांगून परत पाठवू नये. काय होत नाही, काय होऊ शकते आणि त्यासाठी कोणते कागद लागतात हे त्याला समजेल अशा मराठीत सांगावे. खिडकीवर उत्तर मिळाले नाही की माणूस गॅरेजकडे वळतो, आणि गॅरेजवाला नेहमी 'होते' असेच सांगतो.

बंधुभगिनींनो, माझ्या भावाने पुढे ती गाडी विकली नाही. परके इंजिन काढून टाकले. जुने पेट्रोल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पडून होते, त्याचेच काम काढून त्याने ते पुन्हा गाडीत बसवले. आज ती गाडी चोर्ला घाट सावकाश चढते. मागून येणारे हॉर्न वाजवतात, तो त्यांना बाजू देतो. उतरताना मात्र तो वळणापूर्वी एकदा पायडल दाबून पाहतो. ही सवय त्याला मनगट मोडून लागली. आपणांस ती ऐकून लागावी, एवढ्याचसाठी आज आपला वेळ घेतला.